वकिलातीची खिडकी : खटल्याविना शिक्षा

१/ परदेशात असताना पासपोर्टची मुदत संपली तर काय करावे? उत्तर सोपे वाटते. वकिलातीत जावे, अर्ज भरावा, शुल्क द्यावे, नवी पुस्तिका घ्यावी. परंतु गेल्या शंभर वर्षांत याच खिडकीवर लाखो माणसांचा देश हिरावून घेतला गेला आहे. आरोपपत्र नाही, वकील नाही, निकालपत्र नाही. हा धागा त्या खिडकीच्या इतिहासाचा.

२/ सीमेचा इतिहास सांगताना तट, काटेरी तारा, चौक्या आणि फौजा यांचे वर्णन होते. पासपोर्टचे नूतनीकरण मात्र 'कार्यालयीन बाब' म्हणून तळटीपेत ढकलले जाते. ही दृष्टी चुकीची आहे. परदेशी गेलेल्या नागरिकासाठी मायदेशाची सीमा वकिलातीच्या त्या खिडकीपाशीच सुरू होते आणि तिथे त्याला अडवण्यासाठी एकही शिपाई लागत नाही.

३/ नकाराचे बळ कशात असते? परदेशातील माणसाचा राहण्याचा परवाना, नोकरी, बँकेचे खाते, विवाहाची नोंद, अपत्याचा जन्मदाखला हे सारे पासपोर्टवर अवलंबून असते. मुदत संपली की यजमान देशाच्या लेखी तो हळूहळू बेकायदा ठरतो. मायदेशी परतावे तर तिथे तुरुंगाची भीती. ज्याला सरकारने हात लावलेला नाही, त्याचे आयुष्य अशा रीतीने सरकारच्या मुठीत येते.

४/ पहिला मोठा प्रयोग सोव्हिएत रशियाचा. १५ डिसेंबर १९२१ च्या हुकुमाने पाच वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या आणि ठरावीक मुदतीत सोव्हिएत प्रतिनिधींकडून पासपोर्ट न घेतलेल्या रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. ७ नोव्हेंबर १९१७ नंतर परवानगीविना देश सोडणाऱ्यांचेही तेच झाले. ज्या राजवटीपासून पळ काढला, तिच्याच दारात कागद मागायला या, नाहीतर देश विसरा, असा तो हुकूम होता.

५/ त्यातून युरोपात राज्यहीन माणसांचा एवढा मोठा समुदाय तयार झाला की राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांना १९२२ मध्ये निर्वासितांसाठी वेगळे प्रमाणपत्र काढावे लागले. तोच 'नान्सेन पासपोर्ट'. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि कादंबरीकार नाबोकॉव्ह यांनीही तो बाळगला. त्यावर प्रवास होई. पण त्या कागदामागे उभे राहणारे स्वतःचे असे राज्य नव्हते.

६/ ती क्रांतीची धामधूम होती, तिला नेहमीच्या राज्यकारभाराचे माप लावू नये, असे कोणी म्हणेल. मग १९३८ सालचा पोलंड पाहावा. तिथे क्रांती नव्हती. संसद होती, राजपत्र होते, कलमे आणि उपकलमे होती.

७/ मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ऑस्ट्रियात हजारो पोलिश ज्यू राहत होते. ते मायदेशी परततील या धास्तीने पोलंडच्या संसदेने ३१ मार्च रोजी कायदा केला. सलग पाच वर्षे परदेशी राहून ज्यांचे राज्याशी 'नाते तुटले', त्यांचे नागरिकत्व आता काढून घेता येणार होते. शब्दरचना सर्वांना सारखी लागू होणारी. रोख कोणावर, हे मात्र उघड होते.

८/ ऑक्टोबरमध्ये पुढचे पाऊल पडले. परदेशातील वकिलातींनी दिलेल्या पासपोर्टवर तपासणीचा खास शिक्का असल्याखेरीज ३० ऑक्टोबरपासून पोलंडमध्ये प्रवेश मिळणार नव्हता. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ज्यांनी नियम पाळून वकिलातीतून पासपोर्ट नवा करून घेतला होता, त्यांच्याच पुस्तिका एका आदेशाने संशयित ठरल्या. शिक्का मारायचा की नाही, हे वाणिज्यदूताच्या हाती.

९/ बर्लिननेही आपला हिशेब मांडला. ३० तारीख उलटली तर हे ज्यू कायमचे जर्मनीतच राहतील. म्हणून त्याआधीच, २८ व २९ ऑक्टोबरला, सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना घरांतून उचलून पोलंडच्या सीमेवर नेऊन टाकण्यात आले. पाठीमागे जर्मन बंदुका, समोर पोलिश पहारा. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद एकच : ही माणसे आमची नव्हेत.

१०/ झ्बाँशिन या सीमेवरील छोट्या गावात हजारो लोक अडकले. घोड्यांचे तबेले आणि पिठाची गिरणी हीच त्यांची घरे झाली. मदतकार्यासाठी तिथे गेलेल्यांत इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा तरुण इतिहासकार होता. पुढे वॉर्सा घेट्टोचा गुप्त दस्तऐवजसंग्रह उभारणारा हाच. त्या अंधाऱ्या काळाची साधने जपणाऱ्या माणसाने हद्दपारांची छावणी आधी इथे पाहिली होती, आणि तिच्या मुळाशी एक न मारलेला शिक्का होता.

११/ हद्दपार झालेल्यांत हॅनोव्हरचे ग्रिन्श्पान कुटुंब होते. त्यांचा १७ वर्षांचा मुलगा हेर्शेल पॅरिसमध्ये होता. जर्मनीत परतण्याची त्याची परवानगी एप्रिल १९३७ मध्ये संपली होती, पोलिश पासपोर्ट जानेवारी १९३८ मध्ये संपला होता आणि फ्रान्सनेही त्याला देश सोडण्याचा आदेश दिला होता. तीन देश, आणि तिन्हींत राहण्याचा अधिकार नाही. बहिणीच्या पत्रातून त्याला घरच्यांचे हाल कळले.

१२/ ७ नोव्हेंबरला त्याने पॅरिसच्या जर्मन वकिलातीत अर्न्स्ट फॉम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. ९ नोव्हेंबरला तो मेला आणि त्याच रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे व दुकाने पेटली. तो संहार नाझींचाच. त्या मुलाच्या गोळीने त्यांना फक्त निमित्त पुरवले. परंतु या घटनांची साखळी मागे नेत गेल्यास ती वॉर्साच्या राजपत्रातील पासपोर्टच्या आदेशापाशी पोहोचते. पाठ्यपुस्तके ती कडी गाळतात.

१३/ याच दिवसांतील दुसरे चित्रही पाहावे. लाइपझिगमधील पोलंडचे वाणिज्यदूत फेलिक्स हिचेव्स्की यांनी वकिलातीचे दार उघडले. सुमारे १,३०० ज्यूंनी इमारतीत आणि बागेत आसरा घेतला आणि त्या वेळची हद्दपारी टाळली. राज्य तेच, कायदा तोच, कचेरी त्याच दर्जाची. फरक खिडकीआड कोण बसले होते, एवढाच.

१४/ हिचेव्स्की यांना मानाचा मुजरा करावाच. पण त्यांच्या कथेवर समाधान मानून थांबणे हा भाबडेपणा ठरेल. नागरिकाचे नागरिकत्व एखाद्या अधिकाऱ्याच्या अंतःकरणावर अवलंबून असेल तर त्याला हक्क म्हणता येत नाही. ती मेहेरबानी झाली. लाइपझिगला ती लाभली. हॅनोव्हरला लाभली नाही.

१५/ 'सरळमार्गी माणसाला कशाची भीती?' हा प्रश्न आजही मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. १९३८ चे उत्तर स्पष्ट आहे. नियम पाळणारे, वेळेवर अर्ज करणारे, शुल्क भरणारे लोकच त्या जाळ्यात सापडले. कारण सरकारी दप्तरात नोंद त्यांचीच होती.

१६/ युद्धानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. कलम १३ ने कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. आता खिडकीवरची मनमानी संपायला हवी होती. ती संपली नाही. लोकशाहीचा उच्चार करणाऱ्यांनीही हे हत्यार खाली ठेवले नाही.

१७/ विल्यम ड्यू बॉईस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कलढ्याचे ज्येष्ठ विचारवंत. १९६१ मध्ये ते घानाला गेले. १९६३ च्या आरंभी अमेरिकेने त्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले, कारण कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांना पासपोर्ट नाकारणारा १९५० चा कायदा. वयाच्या ९५ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी घानाचे नागरिकत्व घेतले.

१८/ २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांचा ऐतिहासिक मोर्चा निघाला. जून १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पासपोर्ट नाकारणारे ते कलम घटनाबाह्य ठरवले. न्याय झाला, पण ज्याला पासपोर्ट हवा होता तो दहा महिन्यांपूर्वीच परभूमीत विसावला होता.

१९/ गायिका मिरियम माकेबा यांची कथा अधिक जिव्हारी लागते. १९६० मध्ये आईच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेतून दक्षिण आफ्रिकेला निघताना त्यांना कळले की आपला पासपोर्ट रद्द झाला आहे. गुन्हा एवढाच की वर्णद्वेषाचे वास्तव जगापुढे आले होते. त्या १९९० मध्ये मायभूमीत परतल्या, त्याही फ्रान्सच्या पासपोर्टवर. मधली तीस वर्षे कोणत्या न्यायालयाने दिलेली शिक्षा होती?

२०/ इंडोनेशियात हेच घाऊक प्रमाणात झाले. सुकार्नो सरकारने शेकडो विद्यार्थी सोव्हिएत संघ, चीन आणि पूर्व युरोपात शिकायला पाठवले होते. १९६५-६६ च्या नरसंहारातून सुहार्तो सत्तेवर आले. मग वकिलातींनी या तरुणांकडे नव्या राजवटीवरील निष्ठेची कबुली मागितली. ज्यांनी ती नाकारली त्यांचे पासपोर्ट गेले. सरकारी शिष्यवृत्तीवर निघालेली मुले परक्या शहरांत राज्यहीन होऊन म्हातारी झाली.

२१/ सुहार्तो १९९८ मध्ये पायउतार झाले. १९६५-६६ च्या घटनांसह मानवी हक्कांच्या बारा गंभीर उल्लंघनांबद्दल राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी खेद व्यक्त केला तो ११ जानेवारी २०२३ रोजी. पासपोर्ट काढून घ्यायला एक मुलाखत पुरली होती. खेदाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

२२/ या मनमानीला कायद्याच्या भाषेत पहिले ठोस उत्तर मिळाले ते उरुग्वेच्या परागंदा नागरिकांमुळे. १९७३ ते १९८५ तिथे लष्करी हुकूमशाही होती. मेक्सिकोत आश्रय घेतलेल्या पत्रकार सोफी विदाल मार्टिन्स यांना त्यांच्याच देशाच्या वकिलातीने पासपोर्ट नाकारला. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली.

२३/ उरुग्वेची बाजू अशी मांडता आली असती की ही बाई मेक्सिकोत आहे, तिला आम्ही कुठे अडवले? समितीने २३ मार्च १९८२ रोजी दिलेल्या मतात ही पळवाट बुजवली. पासपोर्ट हे कोणताही देश सोडण्याचे साधन आहे. म्हणून परदेशात असलेल्या नागरिकालाही ते नाकारले, तर त्याच्या देश सोडण्याच्या हक्कावर त्याच्याच राज्याने घाला घातला असे होते. या विषयातील हा मैलाचा दगड.

२४/ पुढच्याच वर्षी मॉन्टेव्हिडिओच्या विद्यापीठाचे माजी कुलगुरू सामुएल लिख्टेनश्टाइन यांच्या प्रकरणातही समितीचा कौल तोच राहिला. त्यांनाही मेक्सिकोतील वकिलातीने नूतनीकरण नाकारले होते. हुकूमशाही संपल्यावर ते परतले, पुन्हा कुलगुरू झाले आणि १९९५ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री. वकिलातीला धोकादायक वाटलेला माणूस असा होता.

२५/ भारताने ही खिडकी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. वर्ध्याचे गदर क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. ब्रिटिश सत्ता असेपर्यंत मायदेशाचे दार त्यांना बंदच राहिले. १९३६ मध्ये व्हिएन्नातील ब्रिटिश वाणिज्यदूताने सुभाषचंद्र बोस यांना बजावले की परतल्यास मोकळे राहता येणार नाही. ते परतले आणि ८ एप्रिलला मुंबईत उतरताच त्यांना अटक झाली.

२६/ हा वारसा घेऊन स्वतंत्र झालेल्या देशाने काय केले? पहिली वीस वर्षे पासपोर्ट द्यायचा की नाही, याविषयी कायदाच नव्हता. १९२० चा कायदा होता तो देशात प्रवेश करण्यापुरता. बाकी सारे सरकारच्या मर्जीवर. पासपोर्ट हा राज्याचा परराष्ट्रविषयक दस्तऐवज आहे, त्यावर नागरिकाचा हक्क नाही, अशी सरकारची न्यायालयातील भूमिका होती.

२७/ मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सतवंत सिंग साहनी खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली. परदेशी प्रवास हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याखेरीज तो हिरावता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. जप्तीची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आणि अपिलाची सोय त्यात आली.

२८/ पण याच कायद्याचे कलम १७ म्हणते की पासपोर्ट सदैव केंद्र सरकारची मालमत्ता राहील. सार्वजनिक हिताचे कारण सांगून जप्तीची कारणे नागरिकापासून लपवण्याची मुभाही त्यात आहे. आणीबाणीत तिचा अर्थ कळला. परदेशात राहून आणीबाणीला विरोध करणाऱ्या काही भारतीयांचे पासपोर्ट सरकारने काढून घेतले. घोषणा अमेरिकेत झाल्या, शिक्षा दिल्लीहून आली.

२९/ आणीबाणी संपली, सरकार बदलले. हत्यार तेच राहिले. जुलै १९७७ मध्ये जनता सरकारने इंदिरा गांधींच्या स्नुषा मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'सार्वजनिक हिताच्या' नावाखाली जप्त केला आणि कारणे देण्यास नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धतीही न्याय्य व वाजवी असली पाहिजे. आपल्या पक्षाच्या हाती ही सत्ता सुरक्षित आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने या दोन वर्षांचा क्रम पाठ करावा.

३०/ हा इतिहास अजून चालूच आहे. इरिट्रिया परदेशस्थ नागरिकांकडून उत्पन्नावर दोन टक्के कर मागतो. बेकायदा देश सोडलेल्यांना पासपोर्टसाठी गुन्ह्याची कबुली आणि शिक्षेची तयारी लिहून द्यावी लागते. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने निर्णय दिला की संरक्षण मिळालेल्या इरिट्रियन माणसावर असा कबुलीनामा लिहून देण्याची सक्ती करता येणार नाही.

३१/ बेलारूसने तर खिडकीच बंद केली. २०२० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर मोठ्या संख्येने लोक देशाबाहेर गेले. ४ सप्टेंबर २०२३ च्या हुकुमाने लुकाशेंको यांनी वकिलातींमधून पासपोर्ट देणे वा नवा करणे थांबवले. नवी पुस्तिका हवी तर मायदेशी या. परतलेल्या अनेकांना अटक झाली आहे. हद्दपारीच्या जुन्या तंत्रात माणसाला देशाबाहेर काढत. इथे कागदाची मुदत संपण्याची वाट पाहत त्याला तुरुंगाकडे ओढले जाते.

३२/ आक्षेप येईल : गुन्हेगार परदेशी पळतात, त्यांनाही पासपोर्ट द्यायचा का? आक्षेप रास्त आहे आणि उत्तरही उपलब्ध आहे. फरारी आरोपीसाठी न्यायालयाचे वॉरंट आहे, प्रत्यार्पणाचे करार आहेत, केवळ मायदेशी परतण्यापुरता प्रवासदाखला देता येतो. या प्रत्येक मार्गावर कोणा न्यायाधीशाला कारण पटवावे लागते. कारण सांगायचे नसते तेव्हाच सत्ता खिडकीचा आश्रय घेते.

३३/ म्हणून मागणी साधी आहे. नूतनीकरण हा नागरिकाचा हक्क मानावा. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे, त्यावर स्वतंत्र न्यायालयात दाद मागता यावी आणि दाद लागेपर्यंत माणूस कागदाविना राहू नये. शिक्का मारण्याचा अधिकार आणि शिक्षा देण्याचा अधिकार एका टेबलावर असू नयेत.

३४/ आणि इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी एक सवय लावून घ्यावी. परागंदा झालेल्या कोणाचेही चरित्र हाती घेतले की त्याच्या पासपोर्टची मुदत कधी संपली, तो नूतनीकरणासाठी कोणत्या वकिलातीत गेला आणि तिथे त्याला काय उत्तर मिळाले, हे शोधावे. पुष्कळदा त्याच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय त्या दिवशी झालेला आढळेल.